नाला भरला की येणारी मुलगी

पावसाचं मला जे काही कळतं, ते मी एका मुलीच्या हेव्यापोटी शिकले. शेती आमच्याकडे वीतभर नव्हती. वडील गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, आई मराठी शाळेत शिक्षिका, आणि राहायला बसस्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पाऊस आला काय नि गेला काय, आमच्या घरची चूल सारखीच पेटायची. तरी सातवीत असताना मी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहून सांगू शकायचे, की आज संध्याकाळी नाल्याला पाणी येईल की नाही. माझा अंदाज क्वचितच चुकायचा.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमचं गाव तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, मुधोळहून बसनं अर्ध्या तासावर. गावाच्या उगवतीला नाला, आणि नाल्यापल्याड चार-पाच खेडी. तिथली पोरं आमच्या शाळेत यायची. पूल नव्हता. दगडाची एक बुटकी फरशी होती, तिच्यावरून उन्हाळ्यात बकऱ्या जायच्या आणि पावसाळ्यात पाणी. शाळा सुटायच्या आत नाला भरला, की पल्याडची पोरं अल्याड अडकायची. बहुतेकांचं गावात कुणी ना कुणी होतं. कुणाची आत्या, कुणाचा मामा, नाहीतर बापाच्या ओळखीचा अडत्या. पोरं आनंदानं तिकडं पळायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं मात्र गावात कुणीच नव्हतं.

सहावीत होतो आम्ही. म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्राचा, दुपारपासून लागला होता. शाळा सुटली तेव्हा ती व्हरांड्यात दप्तर छातीशी धरून एकटीच उभी होती. आई म्हणाली, "चल आमच्याकडे. पाणी उतरलं की जाशील."

आईची छत्री मोठी होती, तरी तिच्यात दोघीच मावायच्या. आई आणि ती पुढं चालत गेल्या. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन मागून. आईनं माझ्याकडे वळून एवढंच म्हटलं, "तू रोजची आहेस, तुला वाट माहीत आहे."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा जळफळाट नुसता पोरकट वाटेल. शाळेत मला आईला आई म्हणायची मनाई होती. बाकीच्यांसारखं मीही 'बाई' म्हणायचं, बाकीच्यांसारखाच हात वर करायचा, आणि माझा हात वर असला तरी ती दुसऱ्याला विचारायची. सहामाहीला माझा निबंध पहिला आला, हे मी तिच्या टेबलावरच्या कागदांत स्वतः पाहिलं होतं. वर्गात तिनं मला दुसरी जाहीर केलं. घरी रडले तर म्हणाली, "लोक काय म्हणतील? बाईनं आपल्या पोरीला नंबर दिला म्हणतील." मला ते पटलेलं होतं. सगळ्यांना सारखं, म्हणून मला थोडं कमी, असा तो हिशेब होता आणि मी तो मुकाट्यानं पाळत होते. घरी आल्यावर ती माझी असायची. संध्याकाळी साडेपाचनंतर ती फक्त माझी आई.

आणि आता त्या साडेपाचनंतरच्या आईला कुणीतरी घरात येऊन 'बाई' म्हणू लागलं होतं.

पहिल्या वेळी ती दोन दिवस राहिली. आईनं तिला माझा फ्रॉक दिला, खोबरेल कोमट करून तिच्या केसांना लावलं, बोटांनी एकेक गुंता सोडवला. तिचे केस कमरेपर्यंत होते. माझे, उवा होतात म्हणून, दर महिन्याला कानापर्यंत कापलेले. वडिलांनी तिला विचारलं, तुमच्याकडे गुरं किती? ती भडाभडा सांगू लागली, "दोन बैलं हायेत, एक गाय हाये. कालवडीले खुरकुत झालती तं बाबा रातभर तिच्यापाशी बसून राह्यला." वडील एरवी घरी पेपरच्या आड असत. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि खुरकतीवर काय करावं ते तिला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मला त्यांनी आजवर कशावरच पंधरा मिनिटं सांगितलं नव्हतं.

बोलण्याचंच घ्या. मी गल्लीतल्या पोरींबरोबर खेळून घरी येऊन चुकून 'काऊन' म्हटलं, तर आई डोळे वटारायची. "काऊन नाही, का म्हणायचं. आमी नाही, आम्ही." एकदा 'मी जेवून राह्यली' म्हटल्यावर पाठीत धपाटाही बसला होता. ही मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून खुशाल "बाई, तुमी पोयी काऊन येवढी पातळ लाटता?" म्हणायची आणि आई हसून म्हणायची, "किती गोड बोलते गं पोर!"

मग तिनं आईच्या हातातलं पीठ घेतलं आणि ज्वारीची भाकर थापून दाखवली. परातीत अशी गरगरा फिरली, की वडील ताट घेऊन चुलीपाशीच बसले. मला भाकर येत नव्हती. मला कुणी शिकवलीच नव्हती, कारण मी अभ्यास करायचा होता.

ती वाईट मुलगी नव्हती. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मला ते दिसत होतं, आणि त्याचाच जास्त राग यायचा. ती माझ्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावायची नाही. झोपायला आईच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. आई तोंड कुणाकडे करते ते मी अर्धे डोळे मिटून बघत राहायचे.

पाणी उतरलं आणि ती गेली. पुढल्या आठवड्यात तिच्या आईनं ओल्या मुगाच्या शेंगांची पिशवी पाठवली. माझ्या आईनं त्या शेंगा शेजारपाजारी वाटल्या आणि प्रत्येक घरी सांगितलं, "माझ्या एका मुलीनं आणल्या." माझ्या एका मुलीनं! मला शेंग गोड लागली नाही.

त्या पावसाळ्यात ती आमच्याकडे पाच-सहा वेळा राहिली. आणि तेव्हापासून मी आभाळाकडे बघू लागले.

सुरुवातीला मला वाटायचं, गावात पाऊस पडला की नाला भरतो. तसं नव्हतं. मावळतीकडून, महाराष्ट्राच्या बाजूनं येणारे ढग काळेकुट्ट यायचे, कडाडायचे, पागोळ्या वाजवायचे आणि तासाभरात निघून जायचे. त्यांचं पाणी नाल्यात शाळा सुटेपर्यंत टिकत नसे. उगवतीकडून, बेल्लमपल्लीच्या अंगानं आलेला पाऊस वेगळा. त्याला आवाज नसायचा. आभाळ राखेसारखं एकसारखं व्हायचं, बारीक झड लागायची आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस हटायची नाही. झड म्हणजे तिचा मुक्काम तीन दिवस. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. गावात लख्ख ऊन, अंगणात कपडे वाळत घातलेले, आणि नाला मात्र दोन्ही थड्या भरून चाललेला. कारण पाऊस वर घाटात झालेला असायचा आणि पाणी चार-पाच तासांनी आमच्यापर्यंत पोचायचं.

हे तिसरं मला कळलं ते कंडक्टरांमुळं. स्टँड शाळेला लागून होता. निर्मलकडून येणारी दुपारची गाडी घाट उतरून यायची. मधल्या सुट्टीत मी तारेच्या कुंपणापाशी उभी राहून विचारायचे, "घाट में बारिश है क्या?" कंडक्टर सांगायचे. एक जाडसर, पान खाणारा कंडक्टर मला चांगलाच ओळखू लागला होता. गाडी थांबली की तो खिडकीतून स्वतःच ओरडायचा, "आज कुछ नहीं है, अम्मा!" त्याला वाटायचं, मी नाल्यापल्याडची आहे.

नक्षत्रं मी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या शिपायाकडून शिकले. मृगाचा भरवसा नाही, आर्द्रा आली तर आली, मघा-पूर्वा लहरी, आणि हस्त म्हणजे हत्ती, जाता जाता सोंड मारणारा. तो मला हे मोठ्या कौतुकानं सांगायचा. कंपाउंडर साहेबांच्या पोरीला शेतीची आवड आहे असं त्यानं वडिलांनाही सांगितलं. माझी आवड वेगळीच होती. प्रत्येक नक्षत्रात ती किती रात्री आमच्याकडे राहील, एवढंच मला काढायचं होतं.

पुढचं वर्ष कोरडं गेलं. मृग गेला, आर्द्रा गेली, पुनर्वसूचा तरणा पाऊस कोरडा, म्हाताराही कोरडा. कपाशी वीतभर होऊन थांबली. ज्वारीची पानं सुरळीसारखी वळली. गल्लीतल्या बायका रोज तेच बोलत आणि आई शाळेतून आली की हातपाय धुता धुता म्हणायची, "काय होणार या लोकांचं?" मी तिच्याजवळ बसायचे. तिच्या हाताचा वास घ्यायचे. सबंध आषाढभर ती माझी एकटीची होती. गावाला त्या वर्षाची आठवण आजही नकोशी वाटते. मला मात्र ते लहानपणातलं सगळ्यात सुखाचं वर्ष वाटायचं, आणि हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

श्रावणात पोरांनी धोंडी काढली. मुसळाला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला अंगाला गुंडाळून घरोघर पाणी मागत फिरायचं. आईनं मलाही पाठवलं. पल्याडची ती मुलगीही आली होती, तिचा पाला सगळ्यांत दाट. प्रत्येक दारात पोरं घसा फोडून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत होती आणि बायका वरून तांब्या ओतत होत्या. मी नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनं एकदा वळून माझ्याकडे बघितलं. तिला ऐकू आलं नसावं असं मी मनाला सांगितलं.

पूर्वा नक्षत्रात पाऊस आला. उशिरा आला, पण लागून आला. आणि त्याच सुमारास शाळेत पत्र आलं, की आदिलाबादला जिल्ह्यातल्या मराठी शाळांची वक्तृत्वाची स्पर्धा आहे, प्रत्येक शाळेनं एक विद्यार्थी पाठवावा.

वर्गात बोलून दाखवायला दोघीच उभ्या राहिलो. मी पाठ करून, हातवारे बसवून बोलले. ती 'माझं शेत' यावर बोलली, मधे अडखळली, हसली, पुन्हा बोलली. पोरांनी टाळ्या तिला जास्त वाजवल्या. आईनं तिचं नाव लिहून पाठवलं.

घरी मी विचारलं, "मी तिच्यापेक्षा वाईट बोलले?"

"नाही."

"मग?"

"तू तुझ्या वडिलांनी लिहून दिलेलं बोललीस. ती तिचं बोलली."

हे खरं होतं. पण आई आणि ती दोघीच आदिलाबादला जाणार, चार तास एका बाकावर बसणार, आई तिला स्टँडवर भजी घेऊन देणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी तोवर आदिलाबाद बघितलेलं नव्हतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी ठरलं होतं, की ती रात्री आमच्याकडेच राहील, म्हणजे सकाळी साडेसहाची गाडी चुकायची नाही. त्या दिवशी ऊन पडलं होतं. नाला घोट्याएवढा. मधल्या सुट्टीत मी सवयीनं कुंपणापाशी गेले. निर्मलची गाडी आली. तो पानवाला कंडक्टर खाली उतरला, पिंक टाकली आणि म्हणाला, "बेटी, घाट पे जोर का पानी है. गाडी मुश्किल से निकली. शाम को देखना तुम्हारा नाला. जल्दी घर जाना."

मी मनात मोजलं. पाणी शाळा सुटल्यावर तासाभरात येईल आणि सकाळपर्यंत उतरणार नाही.

शाळा सुटली तेव्हा ती माझ्याकडे आली. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. "माझं नवं पोलकं घरीच राह्यलं ना वं. मामानं आणलं ते. मायनं धुऊन ठेवलं हाये. हे फाटकं घालून येवढ्या लोकांत कशी जाऊ?" तिनं बाही वर करून काखेतली फट दाखवली. मग विचारलं, "तुले पाण्याचं समजते. नाल्याले येईन का आज? नाही येत असंन तं मी घरी जातो, आन् सकाळी अंधारातच येतो बाबासंग."

माझं पांढरं पोलकं तिला बसलं असतं. ते पेटीत होतं. ते मला तेव्हाच आठवलं होतं, हे मी लपवणार नाही.

मी आभाळाकडे बघितलं, जशी नेहमी बघायचे तशी. म्हटलं, "नाही येत. मावळतीला काहीच नाही. जा निवांत."

"पक्कं?"

"पक्कं. पण लगेच जा."

'लगेच जा' म्हणताना माझ्या मनात एवढीच काळजी होती, की ती पाण्यात सापडू नये. तिला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. ती पल्याड असावी, एवढंच हवं होतं. ती परकर खोचून पळत गेली. घरी आईला मी सांगितलं, की ती पोलकं आणायला गेली आहे, सकाळी थेट स्टँडवर येणार आहे. आई म्हणाली, "मला न विचारता?" पण तोवर ती लांब गेली होती.

दिवेलागणीला नाल्याचा आवाज गल्लीपर्यंत येऊ लागला. आई ओसरीवर जाऊन उभी राहिली. "पोचली असेल ना गं ती?"

"पोचली असेल," मी म्हटलं. आणि मग मला पहिल्यांदा भीती वाटली. ती वाटेत थांबली असेल तर? पिठाच्या गिरणीपाशी पोरींशी बोलत उभी राहायची तिला सवय होती. वडील कंदील घेऊन नाल्याकडे जाऊन आले. त्यांना अल्याडच्या एका गुराख्यानं सांगितलं, की परकरवाली एक पोर पाणी यायच्या बरीच आधी फरशी ओलांडून गेली. मी देवाला हात जोडले. आणि हात जोडता जोडताच मनात आलं, की आता उद्या मीच जाणार.

सकाळी स्टँडवर आम्ही सव्वासहापासून उभ्या. आईनं मला बरोबर घेतलं होतं. का ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, पण पांढरं पोलकं अंगात घालून आले होते. गाडी सुरू झाली. आई शेवटपर्यंत नाल्याच्या वाटेकडे बघत होती. ड्रायव्हरला म्हणाली, दोन मिनिटं थांबता का? तो दोन मिनिटं थांबलाही. मग निघालो.

गाडी मुक्कामाची होती, आणि कंडक्टर तोच. तिकीट फाडता फाडता त्यानं मला ओळखलं. आईला म्हणाला, "आपकी बेटी है? मैं समझा नाले के उस पार की है. कल मैं बोला ना इसको, घाट पे बहुत पानी है, जल्दी घर जा करके."

आईनं सुटे पैसे पर्समध्ये ठेवले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी सांगितलं त्यानं?"

"मधल्या सुट्टीत."

"आणि ती कधी गेली?"

मी पोलक्याची बाही चाचपत राहिले. आईनं पुन्हा विचारलं नाही. चार तास आम्ही एका बाकावर बसलो होतो, अगदी मला हवं होतं तसं, आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. वाटेत एका स्टँडवर तिनं मला भजी घेऊन दिली. तिनं स्वतः खाल्ली नाही.

आदिलाबादला एका शाळेच्या मोठ्या खोलीत स्पर्धा होती. शे-दीडशे पोरं, पुढं खुर्च्यांवर परीक्षक. मी मनात भाषण म्हणत होते. आमच्या शाळेचं नाव पुकारलं आणि पाठोपाठ तिचं नाव पुकारलं. मी उठले. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"आमच्या शाळेची विद्यार्थिनी नाल्याला पूर असल्यामुळं येऊ शकली नाही," ती म्हणाली. "ती आली असती तर तुम्हाला ऐकायला आवडलं असतं."

एका परीक्षकानं माझ्याकडे बोट केलं. "ही मुलगी तयार आहे ना? हिला बोलू द्या की."

"ही माझी मुलगी आहे. ही बरोबर आली आहे फक्त."

आई खाली बसली. मी तीन तास बाकीच्यांची भाषणं ऐकली. त्या खोलीत शंभर लोकांसमोर आईनं पहिल्यांदाच मला 'माझी मुलगी' म्हटलं होतं. आणि जी तिथं नव्हती, तिचं नाव दोनदा घेतलं गेलं होतं, एकदा पुकारणाऱ्यानं आणि एकदा शेवटी, गैरहजर म्हणून. त्या गैरहजेरीचासुद्धा मला हेवा वाटला.

परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. आमच्या ओसरीवर ती बसलेली होती, आणि तिच्या शेजारी तिचा बाप, गुडघे उंच करून. तिच्या अंगात नवं कोरं पोलकं होतं, पोटापर्यंत चिखलाचे शिंतोडे उडालेले. सकाळी नाला भरलेला बघून तो पोरीला घेऊन अंधारातच निघाला होता, वरच्या अंगाच्या सडकेवरचा पूल गाठून, सात-आठ मैलांचा फेरा घालून. ते स्टँडवर पोचले तेव्हा गाडी जाऊन अर्धा तास झाला होता. मग आता आलोच आहोत तर बाई येईपर्यंत थांबू, काय झालं ते ऐकूनच जाऊ, म्हणून दिवसभर बसले होते. वडिलांनी त्यांना जेवू घातलं होतं.

ती उठून माझ्याकडे आली. "मंग? तू बोलली का? कसं झालं?"

"नाही बोलले."

"काऊन?"

आई पायातल्या चपला काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला सांग."

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, ओसरीच्या खांबाला धरून. म्हटलं, "मला माहीत होतं पाणी येणार. कंडक्टरनं सांगितलं होतं."

मग तिचा बाप हसला. तोंडातल्या तोंडात, हात झटकून. "जाऊ द्या बाई. लेकरूच हाये. पाण्याचा भरवसा कोनाले आला?" आणि तो पुन्हा हसला. ती हसली नाही. तिनं दप्तर उचललं. नाला तोवर उतरला होता. आई राहा म्हणत असतानाच ते दोघं निघून गेले.

त्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली नाही. उत्तरा आली, मग हस्त. हस्तानं त्या वर्षी चांगलीच सोंड मारली. नाला भरला तेव्हा ती स्टँडपलीकडच्या एका तेल्याच्या घरी राहिली. तिच्या बापानं तिथं ओळख काढून ठेवली होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण त्या संध्याकाळी आईनं डबा भरला, मोठी छत्री घेतली आणि पावसात तेल्याच्या घरी गेली. मी खिडकीतून बघत राहिले. ती तासाभरानं आली. तिच्या हाताला खोबरेलाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आधी ती मुलगी निदान माझ्या डोळ्यांसमोर असायची. आता तेल्याच्या घरात दोघी काय बोलतात, आई तिच्याकडे बघून कशी हसते, हे सगळं मला मनानंच रचावं लागे, आणि मनानं रचलेलं खऱ्यापेक्षा वाईट होतं.

आई मला रागावली नाही. त्या दिवसाबद्दल पुन्हा एक अक्षरही बोलली नाही. दहावीपर्यंत मी आणि ती एका वर्गात होतो, एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. माझ्याकडे पाण्याचा अंदाज मात्र तिनं परत कधी विचारला नाही. बाकीची पोरं विचारायची. मी सांगायचे, आणि खरं सांगायचे.

नव्वदच्या पुढं नाल्यावर पूल झाला. तोवर मी शिकून आदिलाबादला सरकारी नोकरीत लागले होते, लग्न झालं होतं. तिचं लग्न बेल्लमपल्लीच्या एका खाणकामगाराशी झालं, आणि तिथंच एका लहान शाळेत ती शिकवू लागली. हे मला आईकडून कळायचं. आईला तिची पोस्टकार्डं यायची. मी माहेरी गेले की आई ती मला वाचून दाखवायची. इकडं झड लागली आहे, क्वार्टर गळतं, पोरगी चालायला लागली, तुम्ही गुडघ्याला तेल लावता का. मी आईला आठवड्याला पत्र लिहायचे, चांगलं दोन-दोन पानी. ती ते वाचून घडी करून ठेवायची. मोठ्यानं वाचून दाखवलेलं मी कधी ऐकलं नाही. पण माझ्यासमोर माझंच पत्र ती कशाला वाचेल? हे कळत असूनही मी तिशीच्या उंबरठ्यावर त्या पोस्टकार्डांचा गठ्ठा बघून जळायचे.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे आदिलाबादला राहायला आली. आणि एका वर्षी, भादव्यात, नाल्यापल्याडची ती आमच्या घरी आली. शिक्षकांचं कसलंसं प्रशिक्षण होतं. जाडी झाली होती, चष्मा लागला होता, केस मात्र तसेच. आईनं तिला जवळ घेतलं आणि दुपारभर सोडलं नाही. मी चहा केला, पोहे केले, पुन्हा चहा केला. आई जरा लवंडली तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, आणि मी न विचारताच बोलू लागली. तिची भाषा तशीच होती.

"तुले वाटत असंन, मी त्या भाषणासाठी रुसली. भाषणाचं काही नाही. बाबाच्या पायाले तेव्हा कुदळ लागली होती. चिंधी बांधून चालला तो येवढं, परत येताना रक्त येऊन राह्यलं होतं. आन् तू सांगितल्यावर तो हसला. तुमच्या दारात, हात जोडल्यासारखा हसला." तिनं पदरानं चष्मा पुसला. "ते मले सहन नाही झालं. मंग मी म्हटलं, आता या घरी राह्यचं नाही."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं पायाचं."

"तुले कसं माहीत असंन? तू त्याच्याकडं पाह्यलंच नाही. तू बाईकडं पाहून राह्यली होती."

ते खरंच होतं. त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं, आईच्या चपला, खांब, तिचं पोलकं. तिच्या बापाचे पाय मला आठवत नाहीत. मी त्याच्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, चार वर्षांखाली गेला.

मी तिला म्हटलं, चुकलं माझं. तिनं मान हलवली आणि कपबशा विसळायला घेतल्या. मी नको म्हणत होते तरी विसळल्या. चारच्या गाडीनं ती गेली. आई गुडघे धरत तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरली, आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली.

पुढचे आठ-दहा दिवस आई तिच्याबद्दलच बोलत होती. ती कशी दिसते, तिची पोरगी किती हुशार, तिनं एवढ्या लांबून आईसाठी लोणचं आणलं. मी भाजी निवडत ऐकत होते. मधेच आईच्या लक्षात आलं असावं. ती थांबली आणि म्हणाली, "तुला कंटाळा आला का गं?"

"नाही," मी म्हटलं. "सांग ना."

ती सांगत राहिली. मला आत कुठंतरी टोचतच होतं. पण या वेळी मी उठून गेले नाही.